भाजीच्या मळ्याचा जमाखर्च

शहरांतील घरांत भाजीचा भाव हा रोजच्या बोलण्याचा विषय असतो. मंडईंतून आलेली पिशवी स्वयंपाकघरांत रिकामी होतांच आधीं भावाची चौकशी होते, मग भाजीच्या ताजेपणाची. टोमॅटो महागला म्हणजे सगळीकडे ओरड होते. स्वस्त झाला म्हणजे तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. महागाईच्या दिवसांत शेतकरी गबर झाला असेल असें एकाला वाटतें, तर सगळा पैसा मधल्या दलालांनीं खाल्ला असें दुसऱ्याला वाटतें. रिझर्व्ह बँकेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाप्रमाणें, ग्राहक टोमॅटोसाठीं जो रुपया देतो त्यांतले सुमारें ३३ पैसे, कांद्याच्या रुपयांतले ३६ पैसे आणि बटाट्याच्या रुपयांतले ३७ पैसे शेतकऱ्याच्या हातीं पडतात. बाकीचे पैसे वाहतूक, हमाली, नासाडी, आडत आणि विक्रेत्यांचा नफा यांत वांटले जातात.

हा आंकडा महत्त्वाचा आहे. परंतु त्याच्या पुढचा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या तेहेतीस पैशांतून बी, खत, औषध, मजुरी, भाडें हें सगळें वजा जातां शेतकऱ्याच्या घरांत खरोखर किती राहतात? आश्चर्याची गोष्ट अशी कीं, पुष्कळ मळेवाल्यांना हें सांगतां येत नाहीं. बियाण्याची पुडी केवढ्याला आणली आणि पहिल्या तोड्याला काय भाव मिळाला, हें त्यांना तोंडपाठ असतें. पण हंगाम संपल्यावर नफा झाला कीं तोटा, आणि झाला तो कोणत्या पिकांत, याचें उत्तर “बरें झालें” किंवा “यंदा कांहीं खरें नाहीं” एवढ्यावर थांबतें. मळा पिकतो तो जमिनीच्या कसावर, पाण्यावर आणि मेहनतीवर. परंतु तो टिकतो किंवा बुडतो तो हिशेबावर. शहरांतील ज्या कुटुंबांची गांवीं थोडीफार बागायत आहे, ती वांट्यानें लावलेली आहे, किंवा ज्यांना नोकरींतून मोकळें झाल्यावर भाजीचा मळा करण्याची हौस आहे, त्यांनाहि ही गोष्ट जाणून घेण्याजोगी आहे.

धान्याची शेती आणि भाजीची शेती यांत पहिला भेद काळाचा आहे. ज्वारी घरांत ठेवतां येते. भाव नसेल तर दोन महिने थांबतां येतें. भाजीला थांबणें माहीत नाहीं. सकाळीं काढलेली मेथीची जुडी दुपारच्या उन्हांत मान टाकते, आणि पिकलेला टोमॅटो चार दिवसांतच हातीं धरवत नाहीं. दुसरा भेद असा कीं, धान्याची विक्री वर्षांतून एकदोनदां होते, तर टोमॅटो किंवा वांगें यांचे तोडे कित्येक आठवडे चालतात आणि प्रत्येक तोड्याला भाव निराळा असतो. तिसरा भेद सरकारी आधाराचा. पिकांच्या किमतींचा विचार करण्यासाठीं केंद्र सरकारनें १९६५ सालीं एक आयोग नेमला. त्याच्या शिफारशींवरून भात, गहूं, ज्वारी, तूर, कापूस अशा पिकांच्या आधारभूत किमती जाहीर होतात. त्या यादींत वांगें, कोबी, टोमॅटो नाहींत. तेव्हां कोणत्या भावाच्या खालीं गेल्यास आपलें नुकसान होतें, हें भाजीवाल्या शेतकऱ्याला स्वतःच शोधून काढावें लागतें. तें त्याला दुसरें कोणी सांगणार नाहीं.

शेतकऱ्याच्या घरचा हिशेब बाहेरच्या माणसानें बसून मांडावयाचा, ही गोष्ट महाराष्ट्रांत शंभर वर्षांपूर्वीं घडलेली आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर पाहणी करून १९१७ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. प्रत्येक कुटुंबाची जमीन किती, उत्पन्न किती, कर्ज किती आणि खाण्यापिण्याला लागतें किती, हें त्यांनीं ताडून पाहिलें. १७७१ सालीं त्या गांवांत एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ सालीं ती ७ एकरांवर आली होती. बहुतेक कुटुंबांचा नुसत्या जमिनीवर निभाव लागत नव्हता, आणि बाहेर मजुरी करून आणलेल्या पैशांवर शेती उभी होती, हें त्या आंकड्यांवरून उघड झालें. गांवकऱ्यांना आपली ओढाताण ठाऊक होतीच. पण ती कोठें आणि किती, हें आंकडे मांडल्यावांचून दिसलें नव्हतें. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहरांत सामावलें आहे आणि तेथील शेतांच्या जागीं मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. शहराच्या कडेला असलेल्या प्रत्येक मळ्यासमोर हाच प्रश्न आज ना उद्यां येतो; आणि ज्याच्यापाशीं हिशेब नाहीं त्याला त्याचें उत्तर केवळ थकव्यानें किंवा मोहानें द्यावें लागतें.

हा हिशेब ठेवण्यास मोठी विद्या लागत नाहीं. जुन्या पेढ्यांवर दोन वह्या असत: रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दींत ज्या दिवशीं जें घडलें तें त्याच दिवशीं लिहावयाचें; खतावणींत त्याच रकमा ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरून घ्यावयाच्या. मळ्यालाहि याच दोन वह्या पुरतात. भेद एवढाच कीं, पेढीच्या खतावणींत माणसांचीं खातीं असतात, तर मळ्याच्या खतावणींत जमिनीच्या तुकड्यांचीं आणि पिकांचीं असावयास हवींत. प्रत्येक मळ्यांत तुकड्यांना नांवें असतातच: विहिरीचा, आंब्याखालचा, ओढ्याकडचा. विहिरीच्या तुकड्यांत टोमॅटो असेल तर त्याचें एक पान, ओढ्याकडे गवार असेल तर तिचें दुसरें पान. नांगरटीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत जें खर्चलें तें नांवें, आणि जें आलें तें जमा.

यांत चार ठिकाणीं चूक होण्याचा संभव असतो. पहिलें ठिकाण, सगळ्या मळ्याला मिळून होणारा खर्च. विजेचें बिल, विहिरीवरच्या पंपाची दुरुस्ती, औषध फवारण्याचा पंप, यांचा खर्च पिकांनीं व्यापलेलें क्षेत्र आणि दिवस यांच्या मानानें वांटून टाकावा. दुसरें ठिकाण, अनेक वर्षें टिकणाऱ्या वस्तु. ठिबकाचा संच पांच वर्षें चालेल असें धरलें, तर त्याची सगळी किंमत पहिल्याच पिकाच्या माथीं मारणें चुकीचें, आणि पुढच्या पिकांना तो फुकट मिळाला असें समजणें त्याहून चुकीचें. दर वर्षीं किमतीचा पांचवा हिस्सा झीज म्हणून नांवें टाकावा. बांबू, तार आणि सुतळी यांनाहि हाच नियम. तिसरें ठिकाण, घरांत खाल्लेली आणि सोयऱ्याधायऱ्यांना दिलेली भाजी. ती त्या दिवसाच्या बाजारभावानें पिकाच्या खात्यावर जमा दाखवावी; कारण ती मळ्यानेंच दिलेली आहे. चौथें ठिकाण सर्वांत मोठें आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित: घरच्या माणसांची मजुरी.

एक उदाहरण मांडून पाहिलें म्हणजे ही चौथी गोष्ट स्पष्ट होईल. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं धरलेले आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे आंकडे त्यांच्या जागीं घालावे. समजा, एक एकर टोमॅटो लावला. मशागत, शेणखत, रोपें, बांबू, तार, वरखतें, औषधें, पाणी, झीज आणि बाहेरच्या मजुरांची मजुरी मिळून पहिला तोडा येईपर्यंत १,२०,००० रुपये खर्च झाला. पुढें सर्व तोडे मिळून २० किलोंचे १,००० क्रेट माल निघाला. दर क्रेटमागें तोडणी व निवड ३० रुपये, टेंपोचें भाडें २० रुपये आणि हमाली-तोलाई ५ रुपये, असे ५५ रुपये लागले. याशिवाय घरच्या माणसांनीं या पिकासाठीं सर्व मिळून १५० दिवस काम केलें. गांवांत मजुरीचा दर रोजीं ३०० रुपये असेल, तर ही मजुरी ४५,००० रुपये झाली. जमिनीचा खंड आणि गुंतविलेल्या रकमेवरील व्याज यांचे २०,००० रुपये धरूं.

आतां एका क्रेटला खर्च किती, या प्रश्नाचीं तीन उत्तरें येतात. केवळ खिशांतून गेलेला पैसा मोजला तर १२० आणि ५५ मिळून १७५ रुपये. त्यांत घरच्यांची मजुरी धरली तर २२० रुपये. जमिनीचा खंड आणि व्याजहि धरलें तर २४० रुपये, म्हणजे किलोला १२ रुपये. किमतींच्या आयोगाचे अर्थशास्त्रज्ञ खर्चाच्या अशाच पायऱ्या मानतात. आधारभूत किमतीचे सगळे वाद कोणती पायरी धरावयाची यावरूनच होतात. शेतकऱ्याला या वादाशीं कर्तव्य नसलें तरी या तीनहि पायऱ्या आपल्या वहींत दिसल्या पाहिजेत.

विक्रीची बाजू अशी समजूं. पहिले २०० क्रेट ४०० रुपयांनीं गेले, मधले ५०० क्रेट १८० रुपयांनीं, आणि शेवटचे ३०० क्रेट १०० रुपयांनीं. माणसाच्या लक्षांत राहतात ते ४०० रुपये. वस्तुतः एकूण रक्कम २,००,००० रुपये आली, म्हणजे क्रेटला सरासरी २०० रुपये पडले. खिशांतून गेले १,७५,०००. तेव्हां २५,००० रुपये उरले आणि घरांत नफा झाला असें सर्वांनीं मानलें. परंतु घरच्यांची मजुरीच ४५,००० रुपये होती. म्हणजे जो नफा म्हणून हातीं आला, तो घरच्या माणसांच्या मजुरीचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग. १५० दिवसांनीं भागलें तर दिवसाला सुमारें १६७ रुपये पडले. हींच माणसें शेजारच्या शेतांत कामाला गेलीं असतीं तर त्यांना ३०० मिळाले असते. शिवाय जमिनीनें आणि भांडवलानें कांहींच मिळविलें नाहीं.

ही मजुरी बहुतांशीं कोणाची असते, हेंहि येथें पाहिलें पाहिजे. खुरपणी, रोपांची लागण, तोडणी, निवड, जुड्या बांधणें हीं कामें मळ्यांत मुख्यतः स्त्रिया करतात. पहांटे कोथिंबीर उपटून जुड्या बांधणारी सासू आणि शाळेंत जाण्यापूर्वीं टोमॅटो निवडणारी मुलगी यांचे तास कोणत्याच वहींत लिहिले जात नाहींत. न लिहिलेली मजुरी फुकट वाटते, आणि जें फुकट वाटतें त्याची उधळपट्टी होते. ज्या पिकांत घरच्या बायकांचे दिवस सर्वांत अधिक जातात तें पीक वरकरणी सर्वांत फायद्याचें दिसतें, त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. हे दिवस लिहिले जाऊं लागले म्हणजे कांहीं पिकें आपोआप मळ्यांतून बाहेर पडतात, आणि कांहींच्या बाबतींत काम हलकें करण्यासाठीं थोडा पैसा खर्च करणें शहाणपणाचें ठरतें.

याच उदाहरणांतून दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मळेवाल्यापुढें दोन निरनिराळ्या वेळीं दोन निरनिराळे प्रश्न येतात. पीक लावण्यापूर्वींचा प्रश्न असा: हें लावावें काय? त्या वेळीं विचारांत घ्यावयाचा आंकडा २४० रुपयांचा. तेवढा सरासरी भाव पडण्याचा संभव नसेल तर दुसरें पीक पाहावें. पीक उभें राहिल्यानंतरचा प्रश्न असा: आजचा तोडा करावा काय? त्या वेळीं १,२०,००० रुपये जाऊन चुकलेले असतात. तोडलें तरी ते परत येत नाहींत आणि न तोडलें तरी येत नाहींत. आतां विचारांत घ्यावयाचा आंकडा केवळ ५५ रुपयांचा. भाव ८० असेल तर क्रेटमागें २५ रुपये सुटतात आणि तेवढा तोटा कमी होतो, म्हणून तोडावें. भाव ४५ असेल तर प्रत्येक क्रेटमागें पदरचे १० रुपये जातात, म्हणून माल झाडावरच राहूं द्यावा. या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे मनुष्य रागाच्या भरांत तोडण्याजोगें पीक मोडतो, किंवा आशेच्या भरांत न तोडण्याजोगा माल बाजारांत नेतो.

२०२३ सालीं टोमॅटोच्या बाजारांत जें घडलें तें या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. पुणें-नाशिक रस्त्यावरील जुन्नर तालुक्यांतलें नारायणगांव ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ. त्या वर्षीं उन्हाळ्यांत भाव इतके पडले कीं, तोडणीची मजुरी आणि भाडेंहि सुटेना, आणि राज्यांत ठिकठिकाणीं शेतकऱ्यांनीं माल रस्त्याच्या कडेला ओतून दिला. तो पाहून शहरांतील माणसांना हळहळ वाटली, कोणी त्याला उधळेपणाहि म्हटलें. पण बाजारांत नेलेला माल त्या भावाला परत घरीं आणणें म्हणजे आणखी एक भाडें भरणें होय. पुढें जुलै महिन्यांत त्याच नारायणगांवीं २० किलोंच्या क्रेटला २,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला, आणि पावसाळा सरतां सरतां तो पुन्हां कोसळला. उन्हाळ्यांतील तोट्यामुळें पुष्कळांनीं टोमॅटो मोडला किंवा नवी लागवड केली नाहीं, हें जुलैच्या महागाईचें एक कारण. आणि जुलैचा भाव पाहून सगळ्यांनींच लागवड केली, हें पुढच्या घसरणीचें एक कारण. मागच्या हंगामाचा भाव पाहून जो पुढचें पीक ठरवितो, तो हजारो इतरांबरोबर एकाच वेळीं एकाच बाजारांत जाऊन पोहोंचतो. स्वतःच्या चारपांच वर्षांच्या वह्या ज्याच्यापाशीं आहेत तो वर्षांची सरासरी पाहूं शकतो, आणि एका वर्षाच्या भावाला भुलत नाहीं.

वहीइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे बाजारांतून येणारी पट्टी. आडत्यानें माल विकल्यावर वजन, भाव, एकूण रक्कम, कपाती आणि देय रक्कम लिहून दिलेला हा कागद बहुतेक घरांत खिळ्याला टोंचला जातो किंवा खिशांत चुरगळतो. एके काळीं तर हा कागदहि मिळत नसे. रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरत, आणि शेजारीं उभ्या असलेल्या माल-धन्याला तो कळतहि नसे. पुण्यांतील फळांच्या विक्रीची पाहणी प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनीं गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत केली आणि ती १९३३ सालीं प्रसिद्ध झाली. मालाच्या विक्रींतील मधल्या पायऱ्या अशा अभ्यासांमुळें सुशिक्षितांच्या लक्षांत येऊं लागल्या. मुंबई प्रांतांत १९३९ सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्यानें १९६३ सालीं आपला नवा कायदा केला. उघड लिलाव, खरें वजन आणि ठरीव कपाती हा त्या कायद्यांचा हेतु. जुलै २०१६ मध्यें राज्य सरकारनें फळें आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरील बंधन उठविलें, आणि त्यांवरील आडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला.

कायदा झाला तरी पट्टी वाचण्याचें काम शेतकऱ्याचेंच राहतें. मळ्यांतून किती नग किंवा किती क्रेट गेले आणि पट्टींत किती आले, वजनांत ‘सूट’ म्हणून कांहीं धरलें काय, हमाली-तोलाई ठरल्याप्रमाणेंच आहे काय, आडत शेतकऱ्याच्या माथीं मारली आहे काय, या चार गोष्टी प्रत्येक पट्टींत तपासाव्या. मेथी, कोथिंबीर, पालक यांचा भाव शेंकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर, ठरतो. तेव्हां जुडीचा आकारहि हिशेबाचा भाग आहे. जुडी मोठी बांधली आणि भाव तोच मिळाला, तर तोटा पट्टींत दिसत नाहीं; तो वाफ्यांत राहतो. सर्व आडते लबाड असतात असें मुळींच नाहीं. पैशाची जोखीम पत्करणारा, माल हमखास खपविणारा आडत्या हा पुष्कळ मळ्यांचा खरा आधार असतो. मात्र त्याच्याकडून हंगामापूर्वीं घेतलेली उचल ही बिनव्याजी क्वचितच असते. व्याज उघड नसेल तर तें कमी भावाच्या रूपानें द्यावें लागतें. कारण उचल घेतलेल्या शेतकऱ्याला आपला माल दुसरीकडे नेतां येत नाहीं. दुसऱ्या आडत्याकडे त्याच दिवशीं काय भाव निघाला, हें पट्टीच्या मागें लिहून ठेवलें तर वर्षाच्या अखेरीस त्या उचलीची खरी किंमत समजते.

पिकांची निवड करतांनाहि हिशेबाची दृष्टि उपयोगीं पडते. सगळा मळा एकाच पिकाखालीं घालणें म्हणजे सगळा पैसा एका भावावर लावणें. शहाणा मळेवाला तीन प्रकारचीं पिकें ठेवतो. मेथी, कोथिंबीर यांसारख्या महिना-दीड महिन्यांत निघणाऱ्या पालेभाज्या आठवड्याचा बाजारखर्च भागवितात. टोमॅटो, वांगीं, कोबी हीं पिकें हंगामाची मोठी रक्कम देतात, पण तीन-चार महिने पैसा अडकवितात. शेवगा, कढीपत्ता, मांडवावरचीं तोंडलीं अशीं दीर्घकाळ चालणारीं पिकें अडीनडीच्या वेळीं उपयोगीं पडतात. पालेभाजी एकदम न पेरतां दर आठवड्याला कांहीं वाफे पेरले, तर एखाद्या दिवशीं भाव पडला तरी सगळ्याच मालाचा सत्यानाश होत नाहीं, आणि घरांत रोख पैशाची धार चालू राहते. पुष्कळ मळे एकूण तोट्यामुळें बुडत नाहींत. खत घेण्याच्या दिवशीं हातांत रोख नसल्यामुळें उचल घ्यावी लागते, आणि मग त्या उचलींत ते अडकतात.

मागणीचें पंचांग तर मराठी कुटुंबांना नव्यानें सांगावयास नको. पितृपक्षांत गवार, भेंडी, कारलीं, भोपळा आणि अळूचीं पानें यांना मागणी येते. चातुर्मासांत वांगें न खाणारीं घरें चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून तें पुन्हां सुरू करतात. भोगीला वांगीं, गाजर, पावटा, हरभरा यांची एकत्र भाजी घरोघर होते. गवार पेरल्यापासून दीडदोन महिन्यांनीं तोड्याला येते, म्हणून पितृपक्षासाठीं ती आषाढांत पेरली पाहिजे; वांग्याचें रोप लावल्यापासून फळ विकण्याजोगें होण्यास दोन-अडीच महिने लागतात, म्हणून चंपाषष्ठीसाठीं भाद्रपदांत लागण व्हावयास हवी. परंतु हें पंचांग सगळ्यांच्याच भिंतीवर टांगलेलें असतें. म्हणून सणाच्या भावावर मळ्याचा एखादा कोपरा लावावा, सगळा मळा लावूं नये.

मधला खर्च वांचविण्यासाठीं स्वतः विकण्याचा मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो. शहरांतून भरणारे शेतकरी आठवडे बाजार, गृहसंस्थांच्या आवारांतील विक्री आणि ठरलेल्या घरांना आठवड्याची टोपली पोहोंचविणें या पद्धती आतां रुळल्या आहेत. यांत ग्राहकाला ताजा माल मिळतो आणि शेतकऱ्याला बाजारापेक्षां चढा भाव मिळतो. मात्र हिशेब येथेंहि पुरा मांडला पाहिजे. विक्रीला बसलेल्या माणसाचा दिवस, गाडीचें भाडें, पिशव्या, उरलेला आणि कोमेजलेला माल, उधारी, हें सर्व त्या चढ्या भावांतून वजा करावें. किलोमागें दहा रुपये जास्त मिळाले, पण चाळीस किलो विकण्यास एक दिवस गेला, तर मिळकत चारशेची झाली आणि त्यांतून एक मजुरी आणि भाडें वजा जातां हातीं फारसें कांहीं उरत नाहीं. हाच माल चारपांच शेजाऱ्यांनीं मिळून आणला तर दिवस एकाचा जातो आणि फायदा पांचांचा होतो. शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन कंपनी स्थापण्याची सोय कंपनी कायद्यांत २००२ सालच्या दुरुस्तीनें झालेली आहे. नाशिक जिल्ह्यांतील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ही अशा शेतकऱ्यांची मोठी कंपनी. द्राक्षांबरोबर टोमॅटोचेंहि तिचें काम चालतें, आणि टोमॅटो नुसता ताजा न विकतां त्यावर प्रक्रियाहि केली जाते. परंतु अशा संस्थेंतहि तोच सभासद टिकतो, ज्याला आपल्या क्रेटचा खर्च ठाऊक असतो.

आतां शहरांतील कुटुंबांच्या वांट्याला येणारी गोष्ट. ज्यांची जमीन गांवीं वांट्यानें किंवा खंडानें दिलेली आहे, त्यांनीं वर्षाच्या शेवटीं नुसती रक्कम विचारूं नये, वही पाहावी. आणि ती पाहतांना कसणाऱ्याच्या कुटुंबाचे दिवस तींत लिहिले आहेत कीं नाहींत, हें आधीं तपासावें. ते दिवस न मोजतां काढलेला अर्धा वांटा हा वरवर निम्मा दिसला तरी खऱ्या अर्थानें निम्मा नसतो. ज्या घरांत मुलगा मळा पुढें चालवावयास तयार नाहीं, तेथें त्याला आळशी म्हणण्यापूर्वीं त्याच्यापुढें तीन वर्षांची खतावणी ठेवावी. दिवसाला १६७ रुपये मिळविणाऱ्या मळ्यांत तो राहिला नाहीं तर दोष त्याचा नव्हे. आणि वहीवरून जर दिसलें कीं, टोमॅटोचा तुकडा बुडवितो पण गवार आणि शेवगा तारतात, तर राहण्यास त्याला सबळ कारण मिळेल. जमीन विकावयाची झाली तरी ती आंकडे पाहून विकावी, एका वाईट हंगामाच्या वैतागानें विकूं नये. कारण विकलेला मळा पुन्हां विकत घेतां येत नाहीं.

व्यापारी दिवाळींत वहीपूजन करून नवें खातें उघडतो. मळ्याचें वर्ष कोठूनहि सुरू करतां येतें. पुढचें जें पीक लागेल त्या दिवसापासून तें धरावें. एक शंभर पानी वही, दोरीनें बांधलेली पेन्सिल, पट्ट्या अडकविण्यासाठीं एक तार, आणि रात्रीं जेवणानंतरचीं दहा मिनिटें, एवढें भांडवल लागतें. घरांत शाळेला जाणारें मूल असेल तर लिहिण्याचें काम त्याच्याकडे सोंपवावें. शाळेंतील अंकगणिताला त्याहून चांगला अभ्यास नाहीं. पहिल्या वर्षाच्या अखेरीस पुष्कळ आंकडे चुकलेले असतील आणि कांहीं पानें कोरीं राहतील. तरीहि कोणत्या तुकड्यानें घर पोसलें आणि कोणत्या तुकड्याला घरानें पोसलें, हें त्या वहींत वाचतां येईल, आणि पुढच्या वर्षाची लागवड त्यावरून ठरवितां येईल.